पिंपल्सच्या त्वचेवर मेकअप: वाचकांचे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं एकाच विषयाकडे वळतात: चेहऱ्यावर पिंपल्स आहेत, मेकअप करू की नको? खुशाल करा. काय लावता, कशाने लावता आणि रात्री ते पूर्ण उतरवता का, एवढं मात्र बघावं लागतं. बऱ्याच जणींनी थेट ब्रँडचं नाव मागितलंय. ते देत नाही, कारण एकाच नावाच्या फाउंडेशनचे मॅट, सॅटिन, स्टिक असे प्रकार असतात आणि प्रत्येकातले घटक निराळे. शिवाय कंपन्या नाव तेच ठेवून आतला माल बदलतात. त्यापेक्षा बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घेतलेली बरी.

डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीन जेल दिलंय. पिंपल्स कमी झाले, पण सकाळी फाउंडेशन लावलं की नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर सालपटं उठून दिसतात. ऑफिसला स्कूटरवर जाते, त्यामुळे स्कार्फ आणि हेल्मेट रोजचंच. (वाचक, पुणे)

सालपटं जेलमुळे येताहेत, आणि बहुधा ते जास्त लागतंय म्हणून. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल पुरतं. नाकपुडीच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवतीची जागा सोडायची. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या, ओलसर त्वचेवर ते जास्त झोंबतं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, मग जेल, असं केलं तरी चालतं. तरीही साल निघत असेल तर काही दिवस एक रात्र सोडून लावू का, हे डॉक्टरांना विचारा. स्क्रबने सालपटं घासून काढू नका. खालची त्वचा अजून कच्ची असते. ती लाल होते, चुरचुरते, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर त्या लालीचा पुढे तपकिरी डाग होतो.

सकाळी सौम्य फेसवॉश, किंचित ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर, पाच मिनिटांनी सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा काढल्या की चेहरा आणि मान यांना पुरेसं होतं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही, तोवर डबा भरा. घाई केली की फाउंडेशनखाली सनस्क्रीन गोळा होऊन मळासारख्या वळकट्या निघतात. खालचा थर बसायच्या आत वरून चोळलं की तसं होणारच.

फाउंडेशन मॅट असेल तर बदला. त्यातला उडून जाणारा भाग सुकतो आणि मागे राहिलेली पूड नेमकी सालपटांच्या कडांना चिकटते. सॅटिन किंवा नॅचरल फिनिश घ्या, ओल्या स्पंजने थापटून लावा, तेही हवं तेवढ्याच जागी. पावडर फक्त कपाळ आणि नाकावर.

स्कार्फचं म्हणाल तर गाल आणि जबड्यावर घाम, घर्षण आणि फाउंडेशन तिन्ही एकत्र येतात, आणि जबड्याच्या रेषेवर पुटकुळ्यांची रांग लागते. घरून निघताना चेहऱ्याच्या खालच्या भागावर सनस्क्रीनपुरतंच थांबा. ऑफिसला पोचल्यावर टिश्यूने घाम टिपून दोन मिनिटांत कन्सीलर लावता येतं. स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवा, निघत नसेल तर आत पातळ सुती टोपी घाला.

बाटलीवर «नॉन-कॉमेडोजेनिक» लिहिलेलं असूनही पुरळ येतं. मग हा शब्द खोटा का? (वाचक, नाशिक)

छिद्रं न बुजवणारं, असा त्याचा अर्थ. खोटा नाही, पण त्यावर पूर्ण विसंबूही नका. हा शब्द लिहिण्याआधी सर्वांनी पार पाडायची अशी एकच ठरलेली चाचणी नाही. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने तपासते आणि छापते.

सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या बारीक पुरळाला «अ‍ॅक्ने कॉस्मेटिका» हे नाव क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९७२ मध्ये दिलं. त्या काळात घटक तपासायचे ते सशाच्या कानावर. त्या कानाची छिद्रं माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बुजतात, आणि घटकही पुष्कळदा नेहमीच्या वापरापेक्षा कितीतरी दाट लावलेला असे. कोणता घटक छिद्रं किती बुजवतो याच्या ० ते ५ गुणांच्या ज्या याद्या आज मोबाइलवर फिरतात, त्यांचं मूळ बरंचसं इथे आहे. म्हणून यादीत ४ गुण असलेला घटक तुमच्या फाउंडेशनमध्ये शेवटून तिसरा असेल तर झोप उडवू नका. पहिल्या पाच-सहा नावांत आयसोप्रोपिल मायरिस्टेट, आयसोप्रोपिल पामिटेट, ब्युटिल स्टिअरेट, खोबरेल तेल किंवा कोको बटर दिसलं तर मात्र बाटली परत ठेवा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे सुरुवातीची नावंच महत्त्वाची. स्टिक फाउंडेशन आणि घट्ट क्रीममध्ये ही मंडळी जास्त भेटतात. डायमेथिकोन या सिलिकोनला उगाच दोष दिला जातो, त्याने बहुतेकांना काही होत नाही.

पुरळ कधी आलं, हेही बघा. नवीन वस्तू लावल्यावर दोन-तीन दिवसांत जळजळ, खाज, लाली आली तर ती न सोसणं झालं, त्वचेला तो घटक चालत नाही. छिद्रं बुजायला वेळ लागतो. तीन-चार आठवड्यांनी गालावर, हनुवटीवर रव्यासारखे कण हाताला लागू लागतात, बरेचदा दिसायच्या आधी. म्हणून नवीन फाउंडेशन महिनाभर जबड्याच्या एकाच बाजूला लावून बघा, आणि त्या महिन्यात दुसरं काहीही नवीन आणू नका. दोन वस्तू एकदम सुरू केल्या तर चोर सापडत नाही.

पाच आठवड्यांनी लग्न आहे. गालांवर पिंपल्स आणि जुने डाग. पार्लरमध्ये ब्लीच, दोन फेशियल आणि एअरब्रश मेकअपचं पॅकेज सांगताहेत. ऐन लग्नात मोठा फोड आला तर काय करायचं? (वाचक, कोल्हापूर)

ब्लीच नकोच. फेशियलमध्ये वाफ देऊन पिंपल्स दाबून काढणार असतील तर तेही नको. दाबलेला फोड आतल्या बाजूला फुटला तर सूज वाढते, आणि मागे राहणारा काळा डाग लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त टिकल्यासारखा वाटतो. शेवटच्या चार आठवड्यांत कोणतीही नवी क्रीम, नवं सीरम, मैत्रिणीने दिलेला लेप, काहीही सुरू करू नका. डॉक्टरांकडे जायचं असेल तर याच आठवड्यात जा. अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन ही पिंपल्सची औषधं लावत असाल तर वरच्या ओठाचं वॅक्सिंग नको, कातडी सोलून निघते. थ्रेडिंग करायचं असेल तर जेल आठवडाभर आधी थांबवा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर डॉक्टर साधारण सहा महिने वॅक्सिंगला नाही म्हणतात. आणि लग्नानंतर लगेच बाळाचा विचार असेल तर या तिन्ही औषधांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. आयसोट्रेटिनॉइनच्या काळात आणि नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते, त्यात तडजोड नाही.

आतून दुखणारा मोठा फोड लग्नाच्या चार-पाच दिवस आधी आला तर त्वचातज्ज्ञ त्यात ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं सौम्य इंजेक्शन देतात. एक ते तीन दिवसांत सूज बसते. डोस जास्त झाला तर तिथे खळगा पडू शकतो, म्हणून हे काम पार्लरचं नाही.

हळदीचं एक सांगायला हवं. गालांवर हळद नुसती टेकवायला सांगा, रगडायला नको. पंधरा मिनिटांत साध्या पाण्याने धुवा. पिवळेपणा राहिला तर लिंबू चोळू नका, क्लेन्झिंग बामने बराच उतरतो. हळदीनंतर फाउंडेशनची शेड मात्र ठरवायची नाही. पिवळ्या चेहऱ्यावर जुळवलेली शेड दुसऱ्या दिवशी गळ्यापासून वेगळी पडते. शेड आधीच, उन्हाच्या प्रकाशात, जबड्यावरून मानेपर्यंत पट्टा ओढून नक्की करा.

आता एअरब्रश, म्हणजे फवाऱ्याने मारलेला मेकअप. सपाट त्वचेवर तो सुंदर बसतो. खडबडीत किंवा साल निघणाऱ्या त्वचेवर बारीक थेंब कडांना जमतात, आणि घामाने एखादी जागा उतरली की बोटाने नीट करणं अवघड जातं. तुमच्या त्वचेला हाताने लावलेलं पातळ फाउंडेशन आणि ठिपक्यापुरतं कन्सीलर जास्त शोभेल. पैसेही वाचतील.

उठलेला फोड झाकायची रीत अशी. स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून मिनिटभर टेकवा. साल असेल तर मॉइश्चरायझरचा ठिपका लावून तो मुरू द्या. फाउंडेशन चेहऱ्याला लावताना फोडावर नेऊ नका. फोड लाल असेल आणि वर्ण गोरा ते गव्हाळ असेल तर हिरव्या किंवा पिवळ्या करेक्टरचा (कन्सीलरखाली लावायचा, नको तो रंग मारणारा) अगदी पुसट स्पर्श चालेल. मग डबीतलं घट्ट कन्सीलर हाताच्या मागच्या बाजूला घेऊन जरा ऊब द्या. टोकदार बारीक ब्रशने ते फोडाच्या माथ्यावर टेकवा आणि कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर न्या. मिनिटभर थांबा. आता दुसऱ्या कोरड्या ब्रशने फक्त बाहेरची कड विरघळवा, मधोमध हात लावला की सगळं निघून येतं. लहानशा मऊ ब्रशने पावडर दाबा, झटकू नका. लाली डोकावली तर याच क्रमाने दुसरा पातळ थर. कन्सीलर फाउंडेशनच्याच शेडचं हवं. डोळ्यांखालचं फिकट कन्सीलर फोडावर लावलं की तो टॉर्च मारल्यासारखा पुढे येतो. चमकी आणि हायलायटर त्या गालापासून लांब.

एवढं करून रंग झाकला जातो, उंचवटा तसाच राहतो. तो बाजूच्या उजेडात दिसतो, समोरच्या उजेडात जवळजवळ नाही. फोटोग्राफरला हे आधी सांगून ठेवा, त्याला उपाय माहीत असतो. फोड फुटून ओला असेल तर त्यावर मेकअप नको. रात्रभर हायड्रोकोलॉइड पॅच (ओल शोषून घेणारी चिकटपट्टी) लावा आणि सकाळी काढा. पॅचवरून मेकअप केला तर त्याची गोल कड फोटोत हमखास येते.

ट्रायलच्या दिवशी फ्लॅश मारून फोटो काढा. सिलिकाच्या पांढऱ्या पावडरी आणि झिंक-टायटॅनियमची दाट सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पिठाळ दाखवतात. ब्युटिशियन डबीतली क्रीम पट्टीने वेगळी काढून घेते का, तेही बघून घ्या. एकच ब्रश चेहऱ्यावरून परत डबीत जात असेल तर मागच्या नवरीच्या चेहऱ्यावरचं बरंच काही तुमच्याकडे येतं. स्पंज आपला न्या.

माझा रंग सावळा आहे. डागांवर हिरवा करेक्टर लावला की चेहरा राखाडी दिसतो. (वाचक, लातूर)

हिरवा रंग लाली मारण्यासाठी असतो. तुमचे डाग तपकिरी-काळे आहेत, त्यांना नारिंगीकडे झुकणारा करेक्टर लागतो: गव्हाळ त्वचेला पीच, सावळ्याला गडद नारिंगी. तो डागावर नखाएवढाच घ्या, थापटा, आणि वर स्वतःच्या शेडचं कन्सीलर. करेक्टर डागाबाहेर पसरला तर चेहरा गाजरी होतो.

हे डाग उन्हाने गडद होतात, आणि उन्हातला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही त्यात भर घालतो. साधी सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत सनस्क्रीन बऱ्यापैकी अडवते, आणि तीच पातळ फाउंडेशनचं कामही करते. रोजच्या वापराला तेवढी पुरे.

लावणीचे कार्यक्रम करते. पॅनकेक उतरवायला खोबरेल तेल वापरते. कपाळावर सारख्या आकाराच्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या आल्या आहेत, पिंपल्सच्या जेलने जात नाहीत. (वाचक, सोलापूर)

खाज, एकसारखा आकार आणि कपाळ-केसांची रेष हे तिन्ही एकत्र आलं की पिंपल्सऐवजी मॅलेसेझिया या यीस्टचा संशय घ्यावा. ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते. घाम आणि तेल मिळालं की केसांच्या मुळात वाढते. अँटिबायोटिक जेलने हटत नाही, उलट कधी वाढते. त्वचातज्ज्ञ तपासून बुरशीविरोधी औषध देतील. तोवर चेहऱ्यावरचं आणि कपाळाकडचं तेल बंद.

पॅनकेक मुळात ओल्या स्पंजने लावायचा असतो, त्यामुळे तो उतरायला तेलाची गरज नाही. मिसेलर वॉटरचे (मेकअप उतरवायचं तयार पाणी) दोन-तीन भिजलेले बोळे क्षणभर टेकवून मग पुसा, आणि नंतर जेलसारखा फेसवॉश मिनिटभर. घट्ट, तेलकट ग्रीसपेंट वापरत असाल तर क्लेन्झिंग बाम घ्या. त्यात तेल असतं, पण पाणी लागलं की दुधाळ होऊन वाहून जातं. खोबरेल तेल तसं जात नाही, पातळ थर उरतोच. विंगेत घाम पुसू नका, टिपा. फडातल्या सगळ्यांचा एकच स्पंज असेल तर आधी तो बंद करा.

टिकलीखाली खाज किंवा फिकट डाग दिसला तर टिकली लगेच थांबवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग कायमचा जाऊ शकतो. पेन्सिलने चंद्रकोर काढता येते.

पार्लरमधून डबीत भरून दिलेली नाइट क्रीम लावत होते. महिन्यात उजळले. बंद केली की लाल होते आणि पुळ्यांनी चेहरा भरतो. त्यावर कोणता मेकअप चालेल? (वाचक, कल्याण)

मेकअपचं नंतर बघू. लेबल नसलेली क्रीम, झटपट उजळणं आणि थांबवल्यावर भडका, ही स्टेरॉइडची खूण आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब असेल तर तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं नाव शोधा. डबी घेऊन याच आठवड्यात त्वचातज्ज्ञांकडे जा. क्रीम एकदम थांबवायची की हळूहळू, ते त्यांना ठरवू द्या. तोवर बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडची सनस्क्रीन. फाउंडेशन, सीरम, घरगुती लेप, सगळं कपाटात.

अकरावीत आहे. आई फक्त काजळ आणि कॉम्पॅक्टला परवानगी देते. कॉम्पॅक्टने पिंपल्स वाढतात का? (वाचक, चिपळूण)

कॉम्पॅक्टने क्वचितच, त्यातल्या पफने सहज. घामट चेहऱ्यावर फिरवून तो तसाच डबीत बंद होतो आणि कोकणच्या हवेत वाळतच नाही. दर आठवड्याला शाम्पूने धू, पूर्ण वाळव, मगच परत ठेव. आधी टिश्यूने तेल टिप, मग कॉम्पॅक्ट. तेलावर पावडरचे थर चढवत गेलीस तर दुपारी पापुद्रे सुटतात. आणि आईचं बरोबर आहे, एवढं पुरतं.

मुलगा आहे, साखरपुड्याला गालावरचे दोन डाग झाकायचेत. मेकअप केलाय असं दिसता कामा नये. (वाचक, ठाणे)

दाढी आदल्या रात्री करा, त्याच सकाळी नको, कापलेल्या जागी कन्सीलर झोंबतं. फाउंडेशन पूर्ण टाळा. शेडचं कन्सीलर डागापुरतं, बोटाने थापटून, वर बिनरंगी पावडर चिमूटभर. खुंटांवर ते पांढरट गोळा होतं, त्यामुळे डाग दाढीच्या पट्ट्यात असेल तर तसाच सोडा. सदऱ्याच्या कॉलरआड टिश्यू ठेवून लावा.

ब्रश आणि स्पंज किती दिवसांनी धुवायचे? (वाचक, नागपूर)

फाउंडेशनचा ब्रश आठवड्याला, पावडरचा पंधरवड्याला, ओला स्पंज प्रत्येक वापरानंतर. स्पंज आत ओला राहिला की त्यात बुरशी धरते, म्हणून बंद डबीत किंवा पाऊचमध्ये नको. दोन-तीन महिन्यांत फेकाच. ब्रश कोमट पाण्यात, तळहातावर लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब घेऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत. धुताना आणि वाळवताना केस वर करून उभा ठेवू नका. पाणी धातूच्या कडीत उतरतं, गोंद सुटतो आणि महिन्याभरात केस गालावर चिकटू लागतात. आडवा ठेवा, केसांचं टोक टेबलाच्या कडेबाहेर, पंख्याखाली. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही.